रात्रपाळी, साखर आणि पेशींतली घड्याळं

प्रश्न : माझे मिस्टर (वय ४४) चाकणच्या एका कारखान्यात आहेत. दर आठवड्याला शिफ्ट बदलते : फर्स्ट, सेकंड, नाइट. गेल्या वर्षी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ होतं, यंदा ६.४ आलं. वजन फारसं वाढलेलं नाही, गोड खाणंही कमी आहे. डॉक्टर म्हणाले, 'बॉडी क्लॉक बिघडलंय.' त्यानंतर मोबाईलवर 'क्लॉक प्रोटीन' वाढवणाऱ्या एका पावडरची जाहिरात सारखी दिसते. हे प्रोटीन नेमकं काय असतं? ते कमी पडल्यामुळे साखर वाढते का? पावडर सुरू करावी का?

उत्तर :

ताई, पावडरचं आधी सांगून टाकतो : घेऊ नका. डाळीत-अंड्यात असतं तेही प्रथिन आणि घड्याळातलं तेही प्रथिन, हे खरं. पण खाल्लेलं कुठलंही प्रथिन पोटात-आतड्यात तुटतं, त्याची अमिनो आम्लं होतात आणि त्यातून शरीर स्वतःला हवं ते बांधून घेतं. उद्या कुणी खरोखरच घड्याळाचं प्रथिन डब्यात भरून विकलं, तरी गिळल्यावर त्याची किंमत वाटीभर वरणाइतकीच. शिवाय मिस्टरांच्या अंगात ते कमी पडलेलंच नाही. या प्रथिनांचं सगळं काम त्यांच्या चढ-उतारात असतं. ती कायम भरपूर ठेवली की ताल बंद पडतो, हे पेशींवर करून पाहिलेलं आहे.

डॉक्टर म्हणाले ते बरोबर, पण अर्धं. 'बॉडी क्लॉक बिघडलंय' म्हटलं की भिंतीवरचं एखादं बंद पडलेलं घड्याळ डोळ्यांपुढे येतं. मिस्टरांच्या शरीरात अशी घड्याळं अब्जावधी आहेत, जवळजवळ प्रत्येक पेशीत एक. बहुधा त्यांतलं एकही बंद नाही. मेंदूतलं रात्रीचे दोन दाखवतंय आणि यकृतातलं दुपारच्या जेवणाची वेळ दाखवतंय, अशी ती गडबड आहे.

आधी एका पेशीत काय चालतं ते पाहू. केंद्रकात दोन प्रथिनं जोडीनं काम करतात : क्लॉक आणि बीमॅल-१. ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि इतर जनुकांना कामाला लावते. त्यांतली महत्त्वाची जनुकं म्हणजे पीरियड आणि क्रिप्टोक्रोम. एवढी लांबलचक नावं कुणी घेत नाही. आम्ही 'पर' आणि 'क्राय' म्हणतो, इथंही तसंच म्हणू. पर आणि क्राय प्रथिनं केंद्रकाबाहेर तयार होतात, हळूहळू साठतात, एकमेकांना धरतात, परत केंद्रकात शिरतात आणि ज्या जोडीमुळे ती जन्मली तिचंच काम अडवून धरतात. नवीन माल येणं थांबतं. असलेला साठा तुटत तुटत संपतो. मग ती जोडी मोकळी होते आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा एका फेरीला साधारण चोवीस तास लागतात.

यात खरी मेख आहे ती उशिराची. पुण्याकडच्या सोसायटीत सोलरच्या पाण्यानं अंघोळ केली असेल तर हे वेगळं सांगायला नको. नळ गरमकडे फिरवला तरी गच्चीवरून गरम पाणी खाली यायला वेळ लागतो. आपण कंटाळून आणखी फिरवतो. मग एकदम चटका बसतो, घाईनं गारकडे वळवतो, तेही उशिरानं येतं आणि आपण कुडकुडत उभे. नळ फिरवणं आणि पाणी बदलणं यांत अंतर नसतं, तर हा गरम-गार झोका आलाच नसता. याउलट टाकीतला फ्लोटचा कॉक बघा : पाणी चढलं की बंद, उतरलं की चालू, पातळी जिथल्या तिथे. त्यात उशीर नाही, म्हणून झोकाही नाही. पेशीला झोका हवा असतो. म्हणून ती उशीर मुद्दाम घडवून आणते.

कसा? जनुकावरून प्रथिन बनायला काही दिवसभर लागत नाही. मग चोवीस तासांपर्यंत ताण कशानं दिला जातो? कॅसिन कायनेज-१ नावाचं एक एन्झाइम पर प्रथिनाला एकेका जागी फॉस्फेट चिकटवत जातं. एका जागी चिकटवलं की पर लवकर तुटायच्या रस्त्याला लागतं, दुसऱ्या जागी चिकटवलं की टिकून राहतं. या दोन जागांच्या ओढाताणीवर फेरीची लांबी बरीचशी ठरते.

याचा माणसातला पुरावा अमेरिकेतल्या युटा राज्यात मिळाला. तिथं एका कुटुंबातली माणसं पिढ्यानपिढ्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास झोपायची आणि पहाटे चारच्या आसपास टक्क जागी व्हायची. १९९९ मध्ये लुईस प्टाचेक यांच्या गटानं त्यांची नोंद केली. २००१ मध्ये कारण सापडलं : पर-२ प्रथिनात ६६२ व्या जागी सेरीनऐवजी ग्लायसिन आलं होतं. शेकडो अमिनो आम्लांमधलं एक बदललं आणि अख्ख्या खानदानाचा दिनक्रम तीन-चार तासांनी अलीकडे सरकला. आपल्याकडे अशा माणसाला रोज काकडआरतीला हजर म्हणून गावानं मान दिला असता. तिथं बिचारे रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर पेंगतात म्हणून डॉक्टरकडे गेले. उलटाही प्रकार आहे. २०१७ मध्ये मायकेल यंग यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की क्राय-१ मधल्या एका बदलानं घड्याळ सावकाश चालतं आणि माणसाला रात्री उशिरापर्यंत झोपच येत नाही. 'आळशी कार्टं, दहापर्यंत लोळतंय' असं घरात ज्याच्याविषयी बोलतात त्याच्यात एखादवेळी हे असू शकतं. सगळ्यांत असतं असं नाही. बऱ्याच जणांच्या हातात रात्री एकपर्यंत मोबाईल असतो.

हे सगळं ज्ञान फळमाशीतून आलं. केळी जास्त पिकली की वर घोंघावतात ना, त्या चिलटांएवढ्या माश्या. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी फळमाशीचे तीन बिघडलेले वाण शोधले. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला तालच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले, तेच हे पीरियड. (याच बेंझर यांच्याबरोबर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दिकी यांनीही फळमाश्यांवर काम केलं आहे, घड्याळावर नव्हे, नसांवर.) पुढे १९८४ मध्ये हे जनुक वेगळं काढलं गेलं. पर प्रथिन आपल्याच उत्पादनाला लगाम घालतं, ही कल्पना १९९० मध्ये मांडली गेली. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि यंग यांना त्यासाठी २०१७ चं नोबेल मिळालं.

मी स्वतः डॉक्टरकीकडे पूर्ण वळण्याआधी काही वर्षं या माश्यांबरोबर काढली आहेत. जेमतेम पाच मिलिमीटर रुंद काचेची नळी, एका टोकाला साखर घातलेलं अगार, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा, मध्ये एकटी माशी. नळीच्या मधोमध अदृश्य अवरक्त किरण. माशी इकडून तिकडे गेली की किरण तुटतो आणि मोजणी होते. अशा बत्तीस नळ्यांचा एक संच. कपाटात कायमचा अंधार, तापमान स्थिर, आणि आम्ही आत जायचं ते मिणमिणत्या लाल दिव्यात, कारण लाल रंग माशीला फारसा दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी कागदावर एकाखाली एक काळे पट्टे उमटतात. बाहेर दिवस-रात्र कळायला कसलीही खूण नसताना माशी रोज आपल्या वेळेला उठते, आपल्या वेळेला निजते. पहिल्यांदा ते पट्टे पाहिले तेव्हा मी बराच वेळ तो कागद घेऊन नुसता बसून होतो.

एका रात्री मात्र घोळ केला. माश्यांची 'रात्र' सुरू होऊन तीनेक तास झाले असतील. मी कपाट उघडलं आणि खोलीतली ट्यूबलाइट चालू आहे हे दहा मिनिटांनी लक्षात आलं. पटकन बंद केलं, कुणाला बोललो नाही. पुढच्या आठवड्यात पट्टे आले ते सगळेच्या सगळे तीन तासांनी उशिरा सरकलेले. दहा मिनिटांच्या उजेडानं बत्तीस माश्यांचं घड्याळ मागे गेलं होतं आणि अंधारात ते तसंच चालू राहिलं. दोन आठवड्यांचं काम टाकून द्यावं लागलं, गाइडांची बोलणी खाल्ली ती वेगळी. हाच उजेड पहाटेकडे पडला असता तर घड्याळ उलट पुढे गेलं असतं. माशीत पर प्रथिनाचा जोडीदार टिम नावाचं प्रथिन असतं. उजेड पडला की माशीतलं क्राय त्या टिमला धरतं आणि मोडायला लावतं. रात्रीच्या सुरुवातीला टिम मोडलं तर ते पुन्हा साठायला वेळ जातो, म्हणून उशीर. रात्रीच्या शेवटी ते तसंही मोडायचंच असतं, म्हणून घाई.

मिस्टरांच्या बाबतीत ही गोष्ट का सांगितली? आपल्यात यंत्रणा वेगळी आहे, पण नियम तोच : उजेड किती, याइतकंच तो कोणत्या वेळी पडला, याला महत्त्व. आपल्या क्रायला उजेड लागत नाही. डोळ्याच्या पडद्यात मेलनॉप्सिन हे उजेड टिपणारं प्रथिन असलेल्या काही खास पेशी असतात. चित्र दिसणं हे त्यांचं मुख्य काम नाही, बाहेर किती उजेड आहे, विशेषतः निळसर उजेड, हे त्या कळवतात. कळवतात ते मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असलेल्या छोट्या गाठीला. तांदळाच्या दाण्याहून लहान, वीसेक हजार पेशी. हे मुख्य घड्याळ.

यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी यांची घड्याळं स्वतंत्र आहेत. मुख्य घड्याळाचं ती ऐकतात, पण जेवणाच्या वेळेचं त्याहून जास्त ऐकतात. जिनिव्हात युली शिबलर यांच्या गटानं २००० मध्ये हे दाखवलं. उंदीर रात्री खाणारा प्राणी. त्यांनी त्याला फक्त दिवसा खायला दिलं. आठवडाभरात यकृतातलं घड्याळ उलटं फिरलं. मेंदूतलं जिथल्या तिथे राहिलं, कारण उजेड-अंधार बदललेला नव्हता.

आता कंपनीच्या कँटीनमध्ये जाऊ. रात्रीचे दोन. ताटात भात, आमटी, पोळ्या, कधी वडा-पाव. मेंदूतलं घड्याळ रात्र दाखवतंय, रक्तात मेलाटोनिन, म्हणजे रात्री मेंदूतून सुटणारं संप्रेरक, चढलेलं आहे. मेलाटोनिन चढलेलं असताना स्वादुपिंड इन्सुलिन सोडताना हात आखडता घेतं, आणि काही लोकांत जनुकीय कारणानं हा परिणाम जास्त असतो. तसंही तोच भात सकाळी खाल्ला तर साखर जेवढी चढते त्याहून रात्री जास्त चढते. म्हणजे गोड न खाताही, वजन न वाढताही, एचबीए१सी सरकू शकतं. तुमच्या प्रश्नातलं कोडं बहुतेक इथंच सुटतं.

स्वादुपिंडाचं घड्याळ किती महत्त्वाचं, हे २०१० मध्ये उंदरांवर पाहिलं गेलं. फक्त स्वादुपिंडातलं घड्याळाचं एक मुख्य जनुक काढलं, मेंदूतलं शाबूत. त्या उंदरांना मधुमेह झाला. घड्याळाच्या बातम्या मात्र जरा बेतानं वाचा. बीमॅल-१ जन्मापासून नसलेले उंदीर लवकर म्हातारे होतात आणि सरासरी ३७ आठवड्यांत मरतात, हे खूप गाजलं. नंतर तेच जनुक मोठ्या वयाच्या उंदरांत बंद करून पाहिलं, तेव्हा ताल गेला, पण त्यातली बरीच दुर्दशा झाली नाही. म्हणजे हे प्रथिन वाढीच्या काळात घड्याळाखेरीज आणखी काही कामं करत असावं. जाहिरातवाले या दोन प्रयोगांतला पहिलाच सांगतात.

मिस्टरांना उपयोगी पडेल असा प्रयोग बोस्टनमधला आहे. साराह चेलप्पा, फ्रँक शीर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत ठेवून नकली रात्रपाळी करायला लावली. एका गटाला रात्री जेवण, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर बिघडली. रात्री जागे राहूनही दिवसाच जेवणाऱ्यांची तशी बिघडली नाही. प्रयोग लहान, माणसं तरुण, दिवस थोडे. हे सगळं धरूनही मला तो पटतो, कारण वर सांगितलेल्या यंत्रणेशी तो जुळतो आणि माझ्याकडे येणाऱ्या शिफ्टवाल्यांतही साधारण हेच दिसतं.

म्हणून नाइटच्या आठवड्यात हे करून बघा. पोटभर जेवण घरीच, बस यायच्या आधी, जमलं तर आठच्या आत. रात्री बारा ते पाच कँटीनचं ताट नको. भूक लागतेच, तर मूठभर फुटाणे-शेंगदाणे, ताक, उकडलेलं अंडं एवढ्यावर भागवायचं. कडक गोड चहाचे चार कप हेही जेवणच असतं, हे कारखान्यात कुणी धरत नाही. चहा बिनसाखरेचा आणि तोही दोनच्या आधी. नाहीतर सकाळी झोप लागत नाही. घरी आल्यावर हलका नाश्ता करून झोप, उठल्यावर दुपारचं जेवण. सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्रास होतो, चिडचिड होते. एक अट मात्र पक्की : साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचं खाणं तोडायचं नाही. साखर एकदम खाली गेली तर मशीनवर काम करताना ते जिवावर बेतेल.

उजेडाचं : सकाळी सातला बसमधून उतरताना डोळ्यांवर पडणारं ऊन मुख्य घड्याळाला 'उजाडलं, उठा' सांगतं आणि नंतरची झोप तुटक होते. गडद गॉगल, घरी जाड पडदे, मोबाईल दुसऱ्या खोलीत. स्वतः बाईक चालवत येत असतील तर गॉगलचा नाद सोडा. पेंगत बाईक चालवण्याचा धोका साखरेपेक्षा मोठा आहे. बसनंच येऊ द्या.

आठवड्यागणिक शिफ्ट फिरते तेव्हा मुख्य घड्याळ पूर्ण उलटवायच्या भानगडीत पडू नका. ते रोज थोडंथोडंच सरकतं. रात्रीला जरा रुळेपर्यंत आठवडा संपतो. क्रम मात्र विचारा. फर्स्टनंतर सेकंड, मग नाइट, हा क्रम उलट्यापेक्षा सोसतो, कारण माणसाचं आतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा थोडं लांब, साधारण २४ तास १० मिनिटांचं असतं. त्याला उशिरा सरकणं सोपं जातं. काही कंपन्यांत उलटा क्रम केवळ सवयीनं चालू असतो. युनियननं विषय काढला तर बदलतो, मी एका ठिकाणी बदललेला पाहिला आहे.

गोळ्यांच्या वेळेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचारालच. कोलेस्टेरॉल शरीरात मुख्यतः रात्री बनतं, म्हणून त्यावरच्या कमी वेळ टिकणाऱ्या गोळ्या रात्री देतात. ॲटोरव्हास्टॅटिन कधीही चालतं. बीपीची गोळी रात्री घेतली तर हृदयविकार खूप कमी होतात असा मोठा गाजावाजा मध्यंतरी झाला होता. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला : सकाळ-संध्याकाळ काही फरक नाही. शिफ्टवाल्यांना मी सांगतो, गोळी 'सकाळी' लिहिली असेल तर ती झोपून उठल्यावर घ्या, भिंतीवरचे आठ बघू नका. तसंच घड्याळाची जनुकं तपासून देणाऱ्या कंपन्यांना पैसे देऊ नका. अहवालात काहीही आलं तरी वरचा सल्ला बदलणार नाही.

साखरेची तपासणी मात्र नीट करा. नाइट संपवून थेट लॅबमध्ये जाणारे खूप असतात. 'उपाशी आहात ना?' विचारलं की 'हो' म्हणतात. पहाटे चारला चहा-बिस्किटं झालेली असतात, ती आठवत नाहीत. उपाशीपोटीची साखर फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात किंवा सुट्टीच्या दिवशी, रात्री नीट झोपून द्यावी. ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह म्हणतात. वरचं सगळं तीन महिने पाळून एचबीए१सी पुन्हा करा, आणि त्या तीन महिन्यांत शिफ्ट, झोप आणि खाण्याच्या वेळा साध्या वहीत लिहा. डॉक्टरांना त्या वहीचा रिपोर्टाइतकाच उपयोग होईल.

एक राहिलं : मिस्टर झोपेत जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकतात का? तसं असेल तर ते घड्याळाच्या खात्यात टाकू नका. त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, साखर त्यानंही वाढते आणि त्याची तपासणी वेगळी असते. ते दिवसा झोपतात तेव्हा तुम्ही घरी असाल, तर एकदा दहा मिनिटं शेजारी बसून नुसतं ऐका.